तपासणीला आलेली बाई

दाराची घंटा वाजली आणि बाबा आपले आपण उठून उभे राहिले.

मिओक बघतच राहिली. सकाळपासून प्रत्येक वेळी तिनंच त्यांना काखेत हात घालून उठवलं होतं. कपडे बदलले होते, ते पुन्हा ओले झाले, पुन्हा बदलले होते. "अहो बाई, माझा कंगवा द्या," बाबा म्हणाले. दोन वर्षं झाली, लेक त्यांना ओळखू येत नव्हती. घरात राहणारी आणि हात धुऊन मागे लागणारी कुणीतरी पगारी बाई, एवढंच. पगार मात्र तिला कुणीच देत नव्हतं. आधी आईचं केलं, आता बाबांचं. मधे धरलेली मासळीबाजारातली नोकरीही सुटली. आता सरकारी विम्यात सोय झाली होती. म्हातारं माणूस परस्वाधीन आहे असं ठरलं, की घरच्या माणसालाही त्याच्या शुश्रूषेचा मोबदला मिळायचा. त्यासाठी लागणारी परीक्षाही मिओक बाबांच्या उशाशी बसून पास झाली होती. आज तपासणी झाली, की झालं.

शेजारच्या पांगकाकूंनी कालच बजावलं होतं, "घर आवरू नकोस. म्हाताऱ्याला आंघोळ घालू नकोस, दाढी तर मुळीच नको. अगं, रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, हे तर सरकार!" मिओकनं मान डोलावली. आणि पहाटे उठून फरशी पुसली, बाबांना न्हाऊ घातलं, गुळगुळीत दाढी करून दिली. परकं माणूस घरी येणार, आणि बापाच्या अंगाला वास? गुन्सान शहरातल्या कुठल्या लेकीला हे जमलं असतं?

तपासनीस बाई पन्नाशीच्या होत्या, नेटक्या, हातात कातडी बॅग. त्या बूट काढून आत आल्या तसा बाबांनी कमरेतून वाकून नमस्कार केला.

"या, या. मिओक, नासपती काप. आणि जवाचा चहा ठेव."

मिओक! ज्या हाकेसाठी तिचे कान आसुसले होते ती हाक आज आली. इतके दिवस कुठे होतात बाबा, आणि आजच कशाला आलात?

"आजोबा, आज तारीख काय?" बाईंनी विचारलं.

"आम्हा रिकामटेकड्यांना तारखेशी काय करायचंय? ते सगळं आमची मिओक बघते. डोक्यानं तल्लख आहे पोरगी."

बाई हसल्या. "जेवायला कोण भरवतं?"

"भरवतं? स्वयंपाक तिचा. तिच्या हातची किमची एकदा खाऊन बघा म्हणजे कळेल. जेवतो मात्र मी माझ्या हातानं."

"आणि संडासला जायचं असलं तर?"

"हा काय प्रश्न झाला, बाई? माझा मी जातो."

"बाबा!" मिओकला राहवलं नाही. "अहो, सकाळीच तर..."

"मोठी माणसं बोलत असताना मधे बोलू नये," बाबांनी तिला दटावलं. मग बाईंकडे वळून म्हणाले, "एरवी फार गरीब स्वभाव आहे हो तिचा."

बाईंनी हात वर करायला सांगितले, त्यांनी केले. चालून दाखवा म्हटलं, तर चालून दाखवलं. गुडघे लटपटत होते, कपाळावर घाम होता, पण चेहरा हसरा. परीक्षेला बसलेल्या पोरासारखा सगळा थाट.

स्वयंपाकघरात मिओकनं बाईंना गाठलं. खालच्या आवाजात सगळं सांगितलं. रात्रीचं ओरडणं, लंगोट, घरातून निघून जाणं. बापाचं हे असं परक्या बाईला सांगताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुमचं म्हणणं मी लिहून घेते, ताई," बाई म्हणाल्या. "पण डोळ्यांना दिसलं तेही लिहावंच लागतं. यंदा कठीण दिसतंय."

मिओकला रडू आलं नाही, राग आला. एवढा कसला हा ताठा? जगासमोर यांनी ताठ उभं राहायचं आणि वाकायचं ते मी. आधी आईसाठी वाकले, आता यांच्यासाठी. केस पांढरे झाले माझे. हक्काचे चार पैसे मिळाले असते, तर त्यातही यांनी माती कालवली.

बाई दाराशी बूट घालू लागल्या. त्यांना पोचवायला बाबा एका हातानं भिंत धरून आले. दुसऱ्या हातानं त्यांनी जमिनीवरची बसायची गादी पोटाशी घट्ट धरली होती. बाईंना वाटलं असेल, म्हातारा विसरभोळा आहे, गादी उचलून आणली. मिओकला मात्र गादीमागचं कळलं. पँट पुढून पार भिजली होती.

गादी नुसती बाजूला केली, की झालं. मग मिओकला एक शब्दही बोलावा लागला नसता. जे दिसलं ते लिहितात ना? मग बघा म्हणावं. तिनं पुढे होऊन गादीचं टोक धरलं.

बाबांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ते बाईंच्या कानाशी झुकले होते आणि गयावया करत कुजबुजत होते, "गेल्या खेपेला हिची आई अंथरुणाला होती, म्हणून ठरत आलेलं लग्न मोडून मुलाकडचे फिरले. या खेपेच्या स्थळाला सांगा ना बाई, म्हाताऱ्याचं काहीएक करावं लागत नाही, पोरगी अगदी मोकळी आहे."