राजनंदिनीचा घोटा

"पायाचं विचारलं तर जन्मापासून असाच आहे म्हणा, मॅडम," राजनंदिनी स्वयंपाकघरात कुजबुजली. "बाकी काही बोलू नका. लंगडी सून कुनी नेत न्हाई. मला अजून खेळायचंय."

नव्या साडीखाली तिचा उजवा घोटा टम्म सुजला होता. कालच्या सरावात मुरगळला होता. संघाच्या प्रशिक्षक भार्गवी मॅडमनी होकारार्थी मान हलवली. पुणतांब्याच्या मुलींच्या संघात गोल मारणारी एकच होती, आणि ती ही.

बाहेर तिला बघायला आलेले राहात्याचे पाहुणे बसले होते. मुलगा सुप्याला कंपनीत होता, आणि इथे मोबाईलमध्ये. त्याचे वडील, हनुमंतराव, कांदेपोहे खात होते. राजनंदिनीच्या वडिलांनी, कानिफनाथांनी, कपाटातला तालुक्याचा कप काढून पोह्यांशेजारी ठेवला होता.

"ही टीम मीच काढली," ते सांगत होते. "या मॅडम आल्या, म्हनल्या, पोरींना फुटबॉल शिकवते, जागा द्या. म्या नदीकडचं पडीक रान दिलं. बाभळी काढल्या, ट्रॅक्टर फिरवला. पहिल्या वर्सी पोरी वढनी कमरंला बांधून खेळायच्या. बॉल वढ्यात गेला की खेळ बंद. लई हरल्या. आन् आता ह्यो कप! शर्टावर आमच्या वडलांचं नाव हाय."

कानिफनाथांच्या या वडिलांनी हयातीत बैल सोडून कशालाही लाथ मारली नव्हती. पण रान त्यांचं होतं.

घरोघर जाऊन, पोरीनं अर्धी चड्डी घातली म्हणून गावाला कीड लागत नाही, हे आयांना पटवण्यात मॅडमची जी वर्षं गेली, ती या इतिहासात आली नाहीत. मॅडमनी चहा घेतला.

राजनंदिनी पाण्याचा ट्रे घेऊन आली. हनुमंतरावांनी बशी खाली ठेवली.

"बाळ, जरा दारापत्तुर चालून दाखव."

ती चालली. पाय दुखत होता त्याहून जरा जास्तच लंगडली. पंचाच्या नजरेसमोर लंगडावं तशी. मुलानेसुद्धा मोबाईलमधून मान वर केली.

"पायात काय हाय हिच्या?" हनुमंतरावांनी विचारलं.

"काल खेळताना मुरगळला," कानिफनाथ घाईने म्हणाले.

"बाप तसंच म्हननार. मॅडम, तुमी सांगा. तुमी शिकलेल्या."

कानिफनाथ मॅडमना पोहे वाढायला वाकले. "नीट सांगा," ते हळूच म्हणाले. "त्या रानात औंदा ऊस लावायचा का न्हाई, ते मी अजून ठरवलं न्हाई."

राजनंदिनी दाराशी उभी होती. एक पाय उचललेला. डोळे मॅडमवर.

रान गेलं तर एकटी राजनंदिनी काय करणार, असा मॅडमनी विचार केला. विचार बरोबर होता.

"मुरगळलाय फक्त," त्या म्हणाल्या. "आठ दिवसांत बरा होईल. बाकी तब्येत उत्तम."

राजनंदिनीने उचललेला पाय खाली टेकवला आणि आत निघून गेली. अजिबात न लंगडता.

"बघा, हाय का कायी!" कानिफनाथ ओरडलेच.

हनुमंतराव मोकळे हसले. पसंती तिथेच सांगून टाकली. "शिकलेल्या मानसाचा ह्यो फायदा. खोटं बोलत न्हाईत." मांडव कुठे घालायचा यावर फार चर्चा झाली नाही. नदीकडे आयती सपाट जागा होती.

निघताना हनुमंतराव पुन्हा मॅडमकडे वळले.

"आमच्या पुतन्यासाठी बी बघायचंय. तुमच्या टीममधी आनखी कोन हाय?"

उत्तर कानिफनाथांनी दिलं.

"गोलकीपर हाय की. चांगल्या घरची."

"ती बी अशीच रानभर धावती का?"

"छ्या! ती एका जागी उभी असती."

"मग आधी ती न्हाई का दाखवायची!" हनुमंतराव म्हणाले आणि पायातल्या चपला काढून पुन्हा बसले.