दोन्ही हातांची रोटी

अमृतसरहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी दहिवलीच्या ओटीवर भाविकानं आईपुढं मोबाईलमधला सुवर्णमंदिराचा व्हिडिओ धरला.

“पुढं ने,” सोनुबाई म्हणाली. “सोनं बघाया गेले नव्हते मी.”

गेली होती ती धनेशसाठी. खोपोलीच्या कारखान्यात मशीननं पोराच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली, तेव्हा “बसून खानाऱ्याला हितं जागा नाय” हे तिनंच ऐकवलं होतं. तो घर सोडून गेला तो परतलाच नाही. सहा वर्षांनी गावातला एक ट्रकवाला म्हणाला, धनेश अमृतसरला मंदिरात सेवा करतो. तीन दिवस मायलेकींनी तिथं तोंडं न्याहाळली. जो तो दाढीवाला, ज्याच्या त्याच्या डोक्याला फडकं.

मोबाईलमधला गाईड सांगत होता, तळं गुरूंनी खणलं, सोनं मागाहून राजानं चढवलं. मंदिराला चारी दिशांनी दारं, कुणीही यावं.

“चार दारं!” सोनुबाई फणकारली. “राखन कोन करतं म्हनावं?”

मग लंगरची पंगत आली, शेजारच्या बाईच्या हाती मोबाईल देऊन काढलेली. तिथं रोटी ताटात वाढत नाहीत, दोन्ही हात पसरून घ्यायची. भाविकाच्या ओंजळीत वरून रोटी पडली. टोपली सरकून सोनुबाईपुढं थांबली.

मोबाईलमधली सोनुबाई मान फिरवून बसली होती. “ताटात टाक रं. आमी हात पसरत नाय कोनापुढं.”

रोटी अधांतरी राहिली. ती धरणाऱ्या हाताला तीनच बोटं होती.

“आई! दादा हाय गं!” भाविका ओरडली. “चल, आजच्या आज निघू!”

“पुन्यांदा लाव.”

रोटी थांबली, टोपलीत परत गेली. टोपली पुढच्या माणसाकडं गेलीच नाही. आल्या वाटेनं माघारी फिरली.

“हे कवाचं?”

“पयल्या दिवसाचं,” भाविका म्हणाली. त्यानंतरचे दोन दिवस दोघी प्रत्येक पंगतीला बसल्या होत्या. तीन बोटांचा हात पुन्हा दिसला नव्हता.

“मला बघून गेला तो,” सोनुबाई म्हणाली. “आता कुठं शोधशील?”

भाविका रडू लागली.

“रडू नको. लाव परत.”

भाविकानं लावलं. रोटी अधांतरी थांबली, तशी सोनुबाईनं मांडीवरचे दोन्ही हात उचलले आणि पसरून मोबाईलखाली धरले.