मायचा चेहरा

बेबीताई दोन वर्षांच्या असतानाच त्यांची माय गेली. तिचा एक फोटोही मागे राहिला नाही. हल्ली ती स्वप्नात यायची, पण डोळे उघडताच तिचा चेहरा दवासारखा उडून जायचा. म्हणून लेक हर्षानं उशाशी वही ठेवली. उठल्याबरोबर कोणाशी न बोलता आधी लिहायचं.

"सपनं काय वांगे हायेत, उजाडाच्या आत तोडून ठेवाले?" बेबीताईंचा नवरा देवानंद रोज हसायचा.

वहीत आधी हिरव्या बांगड्या उतरल्या, मग हनुवटीवरचं गोंदण. आज मात्र बेबीताई वही मांडीवर घेऊन नुसत्याच हसत बसल्या होत्या.

"दिसली मायची सूरत?" हर्षानं विचारलं.

"दिसली वं. तुह्याहूनबी लहान पोरगी हाये बिचारी! मंग मीच तिले जवळ घेतलं, वेणी घालून देल्ली."