मेहुण्याची घाई

“तुम्ही जरा बाहेर बसा,” वकीलबाई म्हणाल्या. मेहुण्याने उठायला वेळ लावला. दारापर्यंत जाऊन तो एकदा वळला, मग बाहेर गेला.

लॉन्ड्रीवाल्याच्या नजरेतून ते सुटलं नाही. हल्ली मेहुण्याचं काहीच त्याच्या नजरेतून सुटत नव्हतं. दिवाळखोरीचा विषय घरात पहिल्यांदा काढला तो मेहुण्याने. या वकीलबाई शोधल्या त्यानेच, आणि वर “फीचं मी बघतो, भाऊजी” असंही म्हणाला. बायकोचा धाकटा भाऊ एवढा उदार कधीपासून झाला?

आणि त्याचा धंदा कसला, तर जुनी मशिनं घ्यायची, दुरुस्त करायची आणि विकायची. मागच्या रविवारी चहाला आला आणि सहज म्हणून लॉन्ड्रीत शिरला. धुलाईच्या मोठ्या मशिनचं झाकण उघडून आत डोकावला, मोटर चालू करून कान लावला. “अजून ठणठणीत आहे,” म्हणाला. गिऱ्हाईकच असं बोलतं.

ती मशिनं एका मोठ्या हॉटेलच्या भरवशावर कर्ज काढून घेतली होती. रोज टेम्पो भरून चादरी यायच्या. मग एका सकाळी हॉटेलला कुलूप लागलं आणि मालकाचा फोन लागेनासा झाला. आता बँकेची माणसं घरी येत. दारातच उभं राहून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलत. बायको स्वयंपाकघरातून बाहेर येत नसे. मेहुण्याबद्दलचा संशय त्याने एकदाच तिला बोलून दाखवला होता. त्यावर ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

वकीलबाईंनी चष्मा डोक्यावर सरकवला आणि समजावून सांगायला सुरुवात केली. एक वाट अशी, की कोर्टाच्या देखरेखीखाली हप्ते ठरवायचे. मशिनं राहतील, दवाखान्याच्या चादरी धुवायचं काम अजून आहे ते करत राहायचं आणि काही वर्षं कमवून फेडायचं. दुसरी वाट दिवाळखोरीची. मशिनं विकली जातील, येईल ते सगळ्यांत वाटलं जाईल आणि उरलेलं देणं पुसलं जाईल. राहतं घर वाचेल.

लॉन्ड्रीवाला ऐकत होता, पण अनोळखी दुकानात मोड मोजून घ्यावी तसा.

“मशिनं कोण घेणार?” त्याने विचारलं.

“लिलावात जो जास्त बोली लावेल तो.”

“म्हणजे बाहेर बसलाय तो.”

वकीलबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. “नाही. जवळच्या नातेवाइकाला बोली लावता येत नाही. हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलंय मी.”

“दुसऱ्या कुणाच्या नावावर लावेल. तुम्ही त्याला ओळखत नाही. आणि खरं सांगायचं तर मी तुम्हालाही ओळखत नाही. तुमची फी तो देतोय.”

“फी कुणीही देवो, माझे अशील तुम्ही आहात,” वकीलबाई शांतपणे म्हणाल्या. “म्हणूनच त्यांना बाहेर बसवलंय. आता मला सांगा, साबणवाल्याचं देणं किती?”

“बँकेखालोखाल त्याचंच. दीड वर्षं उधारीवर माल देतोय.”

“आणि मागत नाही?”

“सावकाश द्या म्हणतो.” हे बोलताना लॉन्ड्रीवाल्यालाच ते विचित्र वाटलं. “त्याच्याही मनात काहीतरी असणार.”

“मी काल त्याला फोन केला. ज्याचं देणं असतं त्याला आकडा विचारावाच लागतो. तो म्हणाला, त्याचं काहीच येणं नाही. दर महिन्याचं बिल तुमचा मेहुणा चुकतं करत होता. तुम्हाला कळू द्यायचं नाही असं ठरलं होतं.”

लॉन्ड्रीवाल्याने बंद दाराकडे पाहिलं.

“म्हणजे ते देणं आता तुम्हाला मेहुण्याला द्यायचं आहे,” वकीलबाई पुढे म्हणाल्या. “तुम्ही दिवाळखोरी घेतलीत तर त्यातलं जवळजवळ सगळं बुडेल. आज सकाळी मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, बुडू दे. बँकेची माणसं ताईच्या दारात यायची थांबतील का, एवढंच विचारत होते.”

लॉन्ड्रीवाल्याने स्वतः उठून दार उघडलं. बाकावर बसलेला मेहुणा लगबगीने उभा राहिला. “झालं का, भाऊजी? केलीत सही?”

“आत ये.”

तो आत आला. आधी वकीलबाईंकडे बघितलं, मग खाली.

“साबणवाल्याला द्यायला पैसे कुठून आणलेस?”

“होते थोडे.”

“कुठून होते?”

“दुरुस्तीचा गाळा विकला.” मेहुणा हळू आवाजात म्हणाला. “सध्या एकाच्या वर्कशॉपमध्ये जातो कामाला. बरं चाललंय माझं. ताईला तेवढं सांगू नका.”

टेबलावरचा पंखा एका बाजूला वळला, परत आला. लॉन्ड्रीवाला खुर्चीत बसला. शेजारची खुर्ची त्याने मेहुण्यासाठी ओढली. मेहुणा टेकल्यासारखा बसला.

वकीलबाईंनी अर्ज पुढे केला आणि त्यावर पेन ठेवलं. “मग दिवाळखोरीच ना?”

लॉन्ड्रीवाल्याने पेन उचलून त्यांच्या बाजूला ठेवलं.

“ते राहू दे,” तो म्हणाला. “ती पहिली वाट, कमवून फेडायची, ती परत एकदा सांगा. मघाशी मी ऐकतच नव्हतो.”