गावात पडणारा ठोका

आमच्या टोंगातल्या गावात बायका ओंडक्यापाशी बसून लाकडी मोगरीनं झाडाची साल कुटायला लागल्या, की म्हातारे म्हणतात, "चला, गावाचं काळीज सुरू झालं." त्या सालीचं कापड होतं. मी इथली सुईण. काळीज कशाला म्हणतात ते मला ठाऊक, म्हणून मी हसायचे.

आज सकाळी मेलेआनेला तपासायला गेले. तिला आठवा लागलाय. पोटावर नळी टेकवून कान लावला, तर बाळाचे ठोके अंगणातल्या मोगऱ्यांच्याच तालात. बाहेर एखादा ठोका चुकला, की आतलाही चुकायचा.

"पुरे गं बायांनो, चहा घ्या!" अंगणातून लोसा आजी ओरडली. मोगऱ्या थांबल्या.

नळीत काहीच ऐकू येईना.

"काय झालं गं?" मेलेआनेनं विचारलं.

मी खिडकीकडे तोंड करून किंचाळले, "आजी, कुटा! थांबू नका!"

"अगं भवाने, दम तरी खाऊ दे," आजी करवादली. पण माझा चेहरा बघून तिनं मोगरी उचलली. ठक. आतही, ठक.

साल फाटून चिंध्या झाल्या, तरी मी त्यांना थांबू दिलं नाही.

तेवढ्यात गावप्रमुख फाटकात आला. अंगावर काळे कपडे, कमरेला सुतकाची चटई.

"मोगऱ्या खाली ठेवा, बायांनो. आपले सरदार गेले. त्यांना माती देईपर्यंत गावात एकही ठोका पडता कामा नये."

आजीनं वर गेलेली मोगरी अलगद मांडीवर ठेवली. माझा कान अजून नळीलाच होता.