रेंजरसाहेबांच्या स्वयंपाकघरातला कोळी

रामधन चौकीदार धावतच लाकडाच्या डेपोवर आला. "बाई, लवकर चला. साहेबाच्या सैपाकघरात कातीन निंगाली. हे एवढी!" त्यानं पंजा पसरून कोळ्याचा आकार दाखवला.

सत्यशीला डेपोच्या छपरीत आपल्या बरण्या लावत होती. पांढरकवड्याजवळच्या या राखीव जंगलातले किडे आणि कोळी गोळा करायला ती नागपूरच्या कॉलेजातून आली होती. दुपारपर्यंत तिचा मुक्काम विश्रामगृहात होता. सकाळी चहा घेताना रेंजरसाहेबांनी हसत विचारलं होतं, "मंग, कोळ्याच्या किती जाती सापडल्या?"

"रोज नवी सापडते."

"अन् तुमची कोणती?"

"आम्ही बौद्ध."

"म्हणजे पह्यले..." साहेबांनी वाक्य पुरं केलं नाही. चहाही नाही. दुपारी निरोप आला, नागपूरहून मोठे साहेब येताहेत, खोली पाहिजे. मोठे साहेब काही आले नाहीत. खोलीला कुलूप मात्र लागलं.

"तुमच्या साहेबांजवळ बंदूक आहे ना?" सत्यशीलानं विचारलं.

रामधननं इकडंतिकडं पाहिलं. "साहेब खुर्चीवर चढून राह्यले."

ते खरंच होतं. बैठकीत, स्वतः मारलेल्या वाघाच्या कातड्याखाली, साहेब पायजमा वर धरून खुर्चीवर उभे होते. त्यांनी फेकलेली चप्पल समोर स्वयंपाकघराच्या दारात पडली होती. आत त्यांच्या पत्नी, विजयमालाबाई, चुलीमागच्या कोपऱ्यात अंग चोरून उभ्या होत्या. दाराला लागूनच्या भिंतीवर केसाळ कोळी पुढचे पाय उगारून बसला होता.

सत्यशीला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबली. "आत येऊ?"

"या ना! विचारून काय राह्यल्या?" साहेब ओरडले.

ती आत गेली. झोळीतली बरणी काढून भिंतीवर उपडी धरली, खालून पुठ्ठा सरकवला. कोळी बरणीत पडला. नर होता, मादीच्या शोधात भटकत आला असावा. एवढ्याशा कामासाठी घर ओरडत होतं.

विजयमालाबाई अजून जागच्या हलल्या नव्हत्या. सत्यशीलानं बरणी खाली, खोलीच्या मधोमध ठेवली. वर नुसता पुठ्ठा. झाकण तिच्या झोळीत होतं. मग ती कोपऱ्यातल्या माठाकडे वळली. गडवा उचलला आणि पाण्यात बुडवला.

"अहो..." विजयमालाबाईंच्या तोंडून निघालं.

बरणीवरचा पुठ्ठा किंचित हलला. त्या आणखी मागे भिंतीला चिकटल्या.

"बाई, पह्यले झाकण लावा ना," साहेब खुर्चीवरून म्हणाले. नजर बरणीवरच होती.

"लावते," सत्यशीला म्हणाली. गडवा तोंडाला लावून ती सावकाश पाणी प्यायली. शेवटच्या थेंबापर्यंत. मग तोच गडवा तिनं पुन्हा माठात बुडवला.