साठ वड्यांचा डबा

मार्चअखेर मेपलच्या झाडाच्या रसाचा पाक आटवून मी मोजून साठ वड्या पाडल्या, बटरपेपरचे थर देऊन डब्यात भरल्या आणि डबा तळघरात ठेवला.

"नाताळच्या आधी कुणी झाकण उघडलं, तर गाठ माझ्याशी आहे!"

"मी कशाला उघडतोय?" नवरा म्हणाला.

"माझ्या तोंडात दात तरी उरलेत का, पोरी?" सासूबाई म्हणाल्या.

नाताळच्या दिवशी सगळ्यांसमोर वड्या मोजल्या. त्र्याहत्तर भरल्या! नवरा खिडकीबाहेरचा बर्फ बघायला लागला. सासूबाई हातातच असलेली जपमाळ शोधायला लागल्या.



मीही विषय वाढवला नाही. किती खाल्ल्या ते आठवत नसल्यामुळे मीसुद्धा नव्या वड्या करून अंदाजानेच भरल्या होत्या.